फ्लेक्स नको, फाईल हलवा

सैनिकाबद्दल आपल्याला दोनच वेळेला भरून येतं. एकदा तो बॉर्डरवर उभा असतो तेव्हा आणि एकदा तिरंग्यातून गावात येतो तेव्हा. या दोघांच्या मधला जो आहे, म्हणजे सतरा-अठरा वर्षं नोकरी करून धडधाकट किंवा अर्धवट धडधाकट घरी परत आलेला, ज्यांची संख्या सगळ्यात जास्त आहे, त्याच्याकडे आपण काय मागतो तर कॅन्टीनमधून एखादी बाटली आणून देता का हो. हसू नका, कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, रिटायर होऊन आल्यावर पहिल्या महिन्यात भेटायला किती जण आले आणि त्यातल्या किती जणांनी कोट्याची चौकशी केली.

आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हा मधला माणूस प्रत्येक आळीत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण मारले गेले असं सांगतात. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. या गावांच्या परंपरेचं कौतुक सगळे करतात पण ती परंपरा आली कुठून हे कोणी विचारत नाही. माण-खटावला पाऊस नाही, दोन एकर जिराईत, चार भाऊ, मग एक शेतीवर, एक मुंबईला गिरणीत, एक मिलिटरीत, असा तो हिशोब होता. गिरण्या गेल्या, मिलिटरी राहिली. देशप्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाहीये, पण भरतीच्या ग्राउंडवर पहाटे पळणाऱ्या पोरांना देशप्रेमाबरोबर पगारही पाहिजे असतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सैनिकाला आणि त्याच्या घरच्यांना आपण सन्मान भरपूर देतो कारण सन्मान स्वस्त पडतो. त्यांना खरी गरज असते ती वेळेवर हलणाऱ्या कागदाची, म्हणजे पेन्शनची फाईल, मेडिकल बोर्डाचा कागद, बायकोचं नाव बरोबर असलेलं रेकॉर्ड, पुढच्या नोकरीसाठी चालणारं सर्टिफिकेट. कंटाळवाणं काम आहे हे, याचा व्हिडिओ बनत नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

आधी वयाचं बघा. पोरगं अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती होतं. जवानाला पेन्शनसाठी किमान 15 वर्षं सर्व्हिस लागते, शिपाई किंवा नाईक म्हणून बाहेर पडला तर तो साधारण पस्तीस ते चाळीसच्या मध्ये कुठेतरी घरी येतो. आर्मीला तरुण माणूस लागतो, लडाखला पन्नाशीचा शिपाई बंकरमध्ये बसवून चालत नाही, ते मान्य. पण त्याचा अर्थ असा की बाकीच्या नोकऱ्यांत माणूस जिथे प्रमोशनची वाट बघत असतो तिथे हा पेन्शनर झालेला असतो, पोरगी आठवीत, घराचं कर्ज चालू, आईबाप सत्तरीला टेकलेले आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी. मग हा शोधतो दुसरी नोकरी, आणि मिळते कुठली तर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची, साखर कारखान्याच्या गेटवर, सोसायटीच्या केबिनमध्ये. नाहीतर डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, परत भरती, म्हणजे पुन्हा घरापासून लांब, पुन्हा युनिफॉर्म, पुन्हा सुट्टीची वाट. सरकारची मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळ, आहे, ती पण मुख्यतः सिक्युरिटी गार्डच पुरवते.

मला यातली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे हा माणूस गार्ड कधी नव्हताच. तो सिग्नलमध्ये असेल तर त्याने बर्फात कम्युनिकेशन चालू ठेवलंय, एएससीत, म्हणजे पुरवठा-वाहतुकीत, असेल तर झोजिलाच्या घाटावरून ट्रक नेलेत, क्वार्टरमास्टरकडे असेल तर शंभर-सव्वाशे माणसांचं रेशन-कपडा-दारूगोळा याचा पै-पैचा हिशोब ठेवलाय, ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीत, असेल तर रणगाड्याचं इंजिन खोललंय. बाहेर आल्यावर या सगळ्याचं एका ओळीत रूपांतर होतं, माजी सैनिक, उंची अमुक, बंदुकीचं लायसन आहे का. राज्य सरकारात गट क आणि गट ड मध्ये 15 टक्के समांतर आरक्षण आहे, कागदावर चांगलंच आहे, पण बावीस वर्षांच्या क्लासवाल्या पोरांच्या जोडीने बसून परीक्षा द्यायची, आर्मीने दिलेलं पदवी समकक्ष सर्टिफिकेट या खात्यात चालतं आणि त्या खात्यात चालत नाही हे अर्ज भरल्यावर कळतं. आणि मग आपणच म्हणायचं की फौजी लोकांना दुसरं काही जमत नाही.

आता बायकोकडे येतो, कारण खरं तर लेखाची सुरुवात तिच्यापासूनच व्हायला पाहिजे होती.

जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, म्हणजे सगळी सुट्टी मिळाली, मधे कुठे स्टँड-टू, म्हणजे सज्ज राहायचा हुकूम, झालं नाही, ऑपरेशन लागलं नाही, तर वर्षाला तीन महिने. सतरा वर्षांच्या नोकरीत हे बेरीज करून चार वर्षांच्या थोडंसं वर जातं. पीस स्टेशनला, म्हणजे बॉर्डरपासून लांबच्या छावणीत, फॅमिली क्वार्टर मिळालं तर आणखी दोन-तीन वर्षं, पण क्वार्टरची वेटिंग असते आणि सासू-सासरे म्हणतात शेताकडे कोण बघणार, त्यामुळे बऱ्याच जणी गावातच राहतात. म्हणजे नोकरी सतरा वर्षांची आणि संसार चार-सहा वर्षांचा. त्या काळात तिने पोरांना शाळेत घातलेलं असतं, सासऱ्याचं ऑपरेशन केलेलं असतं, सोसायटीचं कर्ज, बांधावरून भावकीशी भांडण, बोअर मारायची की नाही, सगळे निर्णय तिचे. ती घराची मालकीण झालेली असते, सातबाऱ्यावर नाव नसलेली.

आणि मग एक दिवस तो कायमचा येतो. हारतुरे, गावातून मिरवणूक, पंधरा दिवस जेवणावळी. त्यानंतर सुरू होतं ते कुणी सांगत नाही. याला सकाळी पाचला उठून सगळ्यांनी उठलेलं पाहिजे, वस्तू जागच्या जागी पाहिजे, सांगितलेलं ऐकलं पाहिजे. पोरं काही विचारायचं असलं की आईकडे जातात, हा समोर बसलेला असून. त्याला वाटतं आपल्याला घरात किंमत नाही, तिला वाटतं एवढी वर्षं मी चालवलं ते चुकलं काय. दोघांचंही बरोबर असतं. पलटणीत पाठीला पाठ लावून राहणाऱ्या माणसाला गावात बोलायला कोणी नसतं, जुने मित्र पुण्याला कंपनीत, आणि जे आहेत ते कोट्यासाठी जवळ येतात. काही जण संध्याकाळची वेळ बाटलीवर काढतात. सगळे नाही, बहुसंख्य माजी सैनिक गावात नीट जगतात, ग्रामपंचायतीत काम करतात, पोरांना भरतीचं ट्रेनिंग फुकट देतात. पण जे अडकतात त्यांच्याबद्दल गाव एवढंच बोलतं, मिलिटरीतून आल्यापासून डोकं फिरलंय. तो रात्री दचकून उठतो, फटाक्याने हातपाय गार पडतात, हे आजार असू शकतं असं त्याच्या बायकोला कोणीही सांगितलेलं नसतं.

आणि इथेच कागदाचा मुद्दा परत येतो. नोकरीत असताना मनाचा त्रास सांगितला तर लो मेडिकल कॅटेगरी लागायची भीती असते. कॅटेगरी लागली की प्रमोशन अडकतं, एक्स्टेन्शन अडकतं, कोर्स जातो, पलटणीत नाव खराब होतं ते वेगळंच. म्हणून जवान गप्प बसतो. गुडघा दुखतोय तरी गप्प, कानाने कमी ऐकू येतंय तरी गप्प, झोप नाही तरी गप्प. रिटायरमेंटच्या मेडिकलला शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट, म्हणून बाहेर पडतो. पाच वर्षांनी त्रास वाढतो, अर्ज करतो तर उत्तर येतं, सर्व्हिसमध्ये नोंद नाही. म्हणजे ज्या यंत्रणेने त्याला लपवायला लावलं तीच आता विचारते की तेव्हा सांगितलं का नाही.

ज्यांची नोंद आहे त्यांचं तरी सुरळीत होतं का? डिसेबिलिटी पेन्शनसाठी किमान 20 टक्के अपंगत्व लागतं आणि ते सर्व्हिसमुळे झालं किंवा वाढलं हे ठरावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंगच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी माणूस फिट होता आणि आजाराची नोंद नव्हती तर तो आजार सर्व्हिसमुळेच झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. एवढं स्पष्ट असूनही जवान मेडिकल बोर्डाकडून नकार घेऊन पहिलं अपील, दुसरं अपील, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, तिथे जिंकला की सरकार वरच्या कोर्टात. ही ट्रिब्युनल 2009 ला सुरू झाली ती मुळात सैनिकांना लवकर न्याय मिळावा म्हणून. चंदगडच्या एखाद्या निवृत्त नाईकाने मुंबईच्या बेंचसमोर वकील लावायचा आणि समोर भारत सरकार, काय बरोबरी आहे ही. तो ज्या सरकारसाठी उभा होता तेच सरकार आता त्याच्या विरुद्ध पार्टी म्हणून उभं.

याला उत्तर असं दिलं जातं की डिसेबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो. घेतला जात असेल. मोठे अधिकारी रिटायर व्हायच्या वेळेला अचानक ब्लड प्रेशरवाले होतात अशी कुजबुज फौजेतच चालते, आणि कॅगनेही बोट ठेवलंय की हे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा बरंच जास्त आहे. मग नियम कडक केले 2023 मध्ये. पण आवळलेल्या नियमाचा फास बसतो कोणाला, ज्याला अर्ज इंग्रजीत वाचता येत नाही त्याला. ज्याच्या ओळखीचा कर्नल डॉक्टर आहे त्याला नाही.

आता बायकांच्या कागदांचं सांगतो, हे फार बारीक वाटेल पण फौजीच्या घरात जेवढा मनस्ताप यातून झालाय तेवढा गोळीने नसेल झाला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची सुनीता सासरी मंगल होते. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, आधारवर मंगल, बँकेत मंगलबाई, आणि पलटणीत नवऱ्याने लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डला अधिकृत नोंद, करताना हिंदी भाषिक क्लार्कला जे सांगितलं आणि त्याने जे ऐकलं ते चौथंच. जन्मतारीख बहुतेक वेळा 1 जून. नवरा जिवंत आहे तोवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनसाठी ही बाई सिद्ध करत बसते की मी मीच आहे. ॲफिडेव्हिट, गॅझेट, तलाठी, पोलीस पाटील, बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, तिथून प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, तिथून ऑब्जेक्शन लागून परत. आता स्पर्श नावाचं पोर्टल आलंय, सगळं ऑनलाईन, चांगली गोष्ट आहे, पण सत्तर वर्षांच्या बाईला ओटीपी येतो नातवाच्या मोबाईलवर आणि नातू असतो पिंपरीत. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी ईसीएचएस 2003 पासून आहे, ती स्कीम खरंच चांगली आहे, पण पॉलिक्लिनिक लांब आणि रेफर केलेलं हॉस्पिटल म्हणतं सरकारकडून बिलं थकलीत, आधी पैसे भरा.

हे सगळं सोडवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथली माणसं बहुतेक स्वतः माजी सैनिक, मनाने चांगली, पण टेबलं किती आणि जिल्ह्यातली कुटुंबं किती.

वीरपत्नींबद्दल बोलताना आपण स्वाती महाडिक यांचं नाव घेतो आणि घ्यायलाच पाहिजे. कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या पोगरवाडीचे, 2015 च्या नोव्हेंबरमध्ये कुपवाड्यात शहीद झाले, आणि दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक ट्रेनिंग पूर्ण करून 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. जबरदस्तच आहे ते. पण आपण त्याचं माप करून बाकीच्यांना लावतो. शिपायाची विधवा, दहावी झालेली, चोवीस वर्षांची, तिने काय करायचं? तिच्यापुढे प्रश्न असतो की दीराशी लग्न कर म्हणजे पैसा घरात राहील. आणि हे फक्त घरचे म्हणत नव्हते, सरकारच म्हणत होतं. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायचा असेल तर लग्न मयत नवऱ्याच्या भावाशीच झालं पाहिजे ही अट 2017 च्या नोव्हेंबरपर्यंत चक्क सरकारी कागदावर होती. काढली, चांगलं केलं. पण त्या अटीखाली ज्यांची लग्नं लावली गेली त्यांच्या आयुष्याचा हिशोब कोण देणार?

दुसरी बाजू आईबापांची. 2024 मध्ये उत्तर भारतातल्या एका शहीद कॅप्टनच्या आईवडिलांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की सून सगळं घेऊन गेली, नेक्स्ट ऑफ किनचा, म्हणजे जवळचा वारस कोण याचा, नियम बदला. लगेच सोशल मीडियावर त्या मुलीला शिव्या सुरू झाल्या, जिचा नवरा गेलाय तिला. मला विचाराल तर आईबापांचा प्रश्न खरा आहे, ज्यांनी एकुलता एक पोरगा पाठवला त्यांना म्हातारपणी काहीच नको का, पण त्याचं उत्तर सुनेच्या वाट्यातून कापून द्यायचं नसतं. आश्रित आईबापांसाठी सरकारने वेगळी रक्कम ठरवावी, आधीच, नियमात लिहून.

आणि आता अग्निवीर. वर जे सगळं पस्तीशी-चाळिशीच्या माणसाबद्दल सांगितलं ते आता बाविशी-पंचविशीच्या पोराला लागू होणार आहे, तेही पेन्शनशिवाय. 2022 च्या जूनमध्ये योजना आली, चार वर्षं नोकरी, पगार 30 हजारापासून 40 हजारापर्यंत, त्यातला 30 टक्के कापून तेवढेच सरकारचे घालून शेवटी साधारण 11.71 लाख सेवा निधी, आणि जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम. बाकीच्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, ते 15 टक्के आरक्षणही नाही. यामागचं कारण सरकारने कितीही वेगळं सांगितलं तरी सगळ्यांना माहीत आहे. 2025-26 च्या बजेटमध्ये संरक्षणाच्या 6.81 लाख कोटींतले सुमारे 1.6 लाख कोटी पेन्शनवर आहेत. हा खर्च खरा आहे, तो वाढतोय, त्यावर विचार झालाच पाहिजे. पण तो कमी करायला सगळ्यात आधी शिपाईच सापडला, हे कसं?

बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना गेला, ड्युटीवर गेलेला पहिला अग्निवीर. घरच्यांना इन्शुरन्सचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख, असं मिळून कोटीच्या वर जातं, आर्मीने तसं जाहीरही केलं होतं. कोणी म्हणेल एवढे पैसे कमी आहेत का. एकरकमी कोटी आणि दर महिन्याला आयुष्यभर येणारी, महागाईबरोबर वाढणारी पेन्शन यातला फरक ज्यांच्या घरात अचानक पैसा आलाय त्यांना विचारा, किती नातेवाईक, किती जमिनीचे दलाल, किती फायनान्सवाले दारात येतात. त्याच पोस्टवर शेजारी उभा असलेला रेग्युलर शिपाई गेला तर त्याच्या घरी पेन्शन जाते. दोघांना थंडी तेवढीच वाजत होती.

अग्निवीरांच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी नाकारत नाही. बावीस वर्षांचा मुलगा सदतीस वर्षांच्या माणसापेक्षा लवकर नवीन काम शिकेल, निमलष्करी दलात राखीव जागा आहेत, हातात दहा-अकरा लाख असतील. बरोबर आहे. पण हे जमायला त्याच्यासाठी आधीपासून काहीतरी उभं पाहिजे आणि ते कसं उभं करतात याचा नमुना आपल्या पुण्यातच आहे. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, 1917 पासून अपंग जवानांना हातचं काम शिकवते. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे. सांगलीचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पोहायला लावलं आणि 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली 2018 ला, शेहेचाळीस वर्षांनी, पण त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी फिजिओथेरपिस्टने, कोणीतरी कोचने रोजचं काम रोज केलं होतं म्हणून तो माणूस उभा राहिला.

2022 च्या अखेरीस ट्रेनिंगला गेलेल्या पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 संपता संपता भरतात. सातारा-कोल्हापूर-बुलढाणा-नगर अशा जिल्ह्यांत किती पोरं परत येणार, कुठल्या ट्रेडची, याची यादी आर्मीकडे आहे. जिल्हा सैनिक कार्यालयाने ती आत्ताच मागून आयटीआयला, एमआयडीसीतल्या कंपन्यांना, एसटीला, महावितरणला पाठवायला काय हरकत आहे? यासाठी कायदा लागत नाही, बजेट लागत नाही, एक पत्र लागतं. आमदार-खासदारांना शौर्यस्मारकासाठी निधी मागताना हे पण मागा.

आणि ज्यांच्या घरात आत्ता कोणी नोकरीत आहे त्यांच्यासाठी, सरकारची वाट न बघता करायचं काम. पुढच्या सुट्टीला तो आला की एक दिवस लग्नाकार्याला जाऊ नका. त्याचं रेकॉर्ड, बायकोचं आधार, पॅन, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले एकत्र काढा आणि नाव, स्पेलिंग, जन्मतारीख एकेक करून ताडून बघा. फरक सापडला तर परत जाताना कागद त्याच्याबरोबर द्या आणि पार्ट टू ऑर्डर दुरुस्त झाली की तिची कॉपी व्हॉट्सॲपवर मागवा. जॉइंट अकाउंट नसेल तर काढा. गुडघा, कान, झोप, जे काय दुखत असेल ते युनिटच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये, लिहून घ्यायला सांगा, कॅटेगरी लागली तर लागू दे. आणि त्या कागदांची एक झेरॉक्स बायकोच्या माहेरी पण ठेवा.